किंग्ज डेला अ‍ॅमस्टरडॅम: सकाळी लवकर गाठा, दुपारी काढता पाय घ्या

एप्रिलच्या शेवटी नेदरलँड्सला येणारे बहुतेक मराठी पाहुणे ट्यूलिपसाठी येतात आणि राजाच्या वाढदिवसात सापडतात. हॉटेलचे भाव दुप्पट का झाले, ट्राम कुठे गायब झाली, अख्खं शहर नारिंगी टोप्या घालून रस्त्यावर का बसलंय, याचा उलगडा तिथे पोचल्यावर होतो. आधीपासून ठरवून आलात तर मात्र युरोपातला यापेक्षा मजेदार राष्ट्रीय सण शोधून सापडणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यातून काढून टाका. इथे संचलन नसतं, रणगाडे नसतात, चौकातलं भाषण नसतं. राजा त्या दिवशी सहकुटुंब देशातल्या कुठल्या तरी एका गावाला भेट देतो. गाव दरवर्षी बदलतं, आणि ते अ‍ॅमस्टरडॅम क्वचितच असतं. मग राजधानीत असतं काय? तर लोकांच्या पोटमाळ्यावरची अडगळ. जुने कप, लहान झालेले बूट, कोडी, पुस्तकं, ग्रामोफोनच्या तबकड्या, कुणाची तरी वापरलेली सुटकेस. हे सगळं फुटपाथवर मांडून लोक दिवसभर विकत बसतात. त्यामुळे त्या दिवशी ‘शहर बघायला’ जाऊ नका, बाजाराला जा. शहर आदल्या दिवशी बघा, नाहीतर दुसऱ्या दिवशी. एवढं पाळलंत तर निम्मी दगदग वाचते.

आधी तारीख नीट बघा

किंग्ज डे, डच उच्चारात ‘कोनिंग्सदाख’, हा २७ एप्रिलला असतो. राजा विलेम-अलेक्झांडर यांचा जन्म २७ एप्रिल १९६७ चा. पण २७ तारीख रविवारी आली तर सण एक दिवस आधी, शनिवारी २६ ला साजरा होतो. २०१४ मध्ये पहिलाच किंग्ज डे असा २६ ला झाला, २०२५ मध्येही तसंच झालं. पुढचा असा योग २०३१ मध्ये आहे. 

जुन्या गाइडबुकात किंवा एखाद्या काकांच्या आठवणीत ‘क्वीन्स डे, ३० एप्रिल’ असं सापडेल. तेही खोटं नाही. या सणाची सुरुवात १८८५ साली ३१ ऑगस्टला उट्रेख्त शहरात झाली, तेव्हाच्या छोट्या राजकन्या विल्हेल्मिना हिच्या पाचव्या वाढदिवसाला. ती राणी झाल्यावर तो राणीचा दिवस झाला. तिच्यानंतर युलियाना गादीवर आली आणि १९४९ पासून तिच्या वाढदिवसाची, ३० एप्रिलची तारीख धरली गेली. पुढची राणी बेआट्रिक्स हिचा वाढदिवस ३१ जानेवारीला. त्या थंडीत फुटपाथवर दुकान मांडून कोण बसणार? तिने आईचीच तारीख चालू ठेवली. २०१३ च्या ३० एप्रिलला तिने मुलासाठी गादी सोडली आणि पुढच्या वर्षापासून तारीख तीन दिवस अलीकडे आली.

नारिंगी रंग राजघराण्याच्या नावातून आला. ते ओरान्ये-नासाऊ घराणं; ओरान्ये म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं ऑरेंज हे जुनं संस्थान. झेंडा मात्र लाल-पांढरा-निळाच असतो. त्या दिवशी घराघरावर झेंड्याच्या वर एक लांब नारिंगी पट्टी फडकताना दिसेल. राजघराण्यातल्या वाढदिवसांना ती लावायची पद्धत आहे.

व्हिसा आणि मुक्काम

भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमानुसार निदान पंधरा दिवस आधी करावा लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबून राहू नका. उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर अपॉइंटमेंटच मिळत नाही. जानेवारीत हालचाल सुरू करा. निदान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. 

मुक्कामाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जुन्या शहरात राहू नका. त्या आठवड्यात खोल्यांचे भाव भडकलेले असतात, त्यावर अ‍ॅमस्टरडॅमचा साडेबारा टक्के पर्यटन कर लागतो, आणि २६ च्या रात्री, म्हणजे ‘किंग्ज नाइट’ला, खिडकीखाली पहाटेपर्यंत धांगडधिंगा चालतो. हार्लेमला राहा. आगगाडीने वीसेक मिनिटं लागतात, आणि ते स्वतःच इतकं देखणं जुनं गाव आहे की एक संध्याकाळ तिथे आपोआप जाते. झानडॅम आणि होफ्डडॉर्प हेही सोयीचे पर्याय. आई-बाबा बरोबर असतील तर अ‍ॅम्स्टेलवेनचा विचार करा. तिथे भारतीय वस्ती मोठी आहे. किराण्याच्या दुकानात पोहे, तूरडाळ, हिरव्या मिरच्या मिळतात. चार दिवस ब्रेड-चीजवर काढून कंटाळलेल्या आजीसाठी ही फार मोठी गोष्ट असते.

उट्रेख्तचा उल्लेख वेगळा करावा लागेल. तिथला बाजार २६ च्या संध्याकाळी सहालाच सुरू होतो आणि रात्रभर चालतो. दिवे, कालव्याकाठी मांडलेला माल, हातात कॉफी घेऊन मध्यरात्री जुनी पुस्तकं चाळणारी माणसं. ज्यांना अ‍ॅमस्टरडॅमच्या गर्दीची धास्ती आहे त्यांनी सरळ उट्रेख्तची रात्र धरावी. अ‍ॅमस्टरडॅमहून आगगाडीने अर्धा तास.

आदला दिवस: शहर आजच उरकून घ्या

२५ आणि २६ एप्रिल हे तुमचे बघण्याचे दिवस. अ‍ॅन फ्रँकच्या घराची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखा खुल्या होतात आणि बघता बघता संपतात. मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. राइक्स म्युझियममध्ये रेम्ब्राँचं १६४२ सालचं ‘नाइट वॉच’ आहे. त्याची वेळही आधी ठरवून ठेवा. कालव्यातून बोटीची फेरी मारायची असेल तर तीही आदल्या दिवशीच मारा, कारण सणाच्या दिवशी कालवे खासगी बोटींनी ठासून भरलेले असतात.

डाम चौकातला राजवाडा मुळात राजवाडा नव्हताच. १६५५ मध्ये तो शहराचा टाउन हॉल म्हणून उघडला. खालची जमीन दलदलीची, म्हणून अख्खी इमारत १३,६५९ लाकडी खांबांवर तोललेली आहे. आसपासची अरुंद, पुढे झुकलेली घरं बघताना सगळ्यात वर, छपराखाली लोखंडी आकडा दिसतो का ते पाहा. जिने इतके चिंचोळे की कपाट, पलंग सगळं दोर लावून बाहेरूनच वर खेचायचं. अजूनही खेचतात. हा सगळा कालव्यांचा पट्टा सतराव्या शतकातला. २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

आपल्या लोकांनी मुद्दाम जावं अशी एक जागा सांगतो, जी टूर कंपनीच्या यादीत सहसा नसते. डाम चौकापासून थोड्याच अंतरावर औडे होखस्ट्राट नावाच्या गल्लीत ‘ओस्ट-इंडिश हाउस’ आहे, डच ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे सतरा संचालक इथे बैठका घ्यायचे. वेंगुर्ल्याची डच वखार पाहिली आहे? झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेल्या त्या पडक्या भिंती याच कंपनीच्या. तिथल्या व्यापाराचा हिशेब शेवटी या विटांच्या चौकोनी अंगणापर्यंत यायचा. आज इमारत विद्यापीठाकडे आहे आणि अंगणात मुलं सायकली लावून ठेवतात.

आदल्या रात्रीची पिशवी

सुटे पैसे. हे सगळ्यात आधी, कारण नेमका इथेच घोटाळा होतो. नेदरलँड्समध्ये एरवी सगळा व्यवहार कार्डावर चालतो, काही दुकानं तर नोटा घेतच नाहीत. त्यामुळे पर्यटक रोख ठेवत नाहीत. बाजाराच्या दिवशी उलटं होतं. फुटपाथवर बसलेली सात वर्षांची मुलगी कार्ड कुठे लावणार? स्थानिक लोक फोनवरून पैसे पाठवतात, पण त्याला डच बँकेचं खातं लागतं. म्हणून एक-दोन युरोची नाणी, पन्नास सेंट आणि पाच-दहाच्या नोटा आदल्या दिवशीच जमवा. पिवळ्या रंगाच्या ‘खेल्डमाट’ एटीएममधून पैसे काढा आणि कुठेतरी कॉफी घेऊन मोड करून घ्या. पन्नासची नोट पुढे केलीत तर पोरं केविलवाण्या चेहऱ्याने आईकडे बघतात.

कपडे: एप्रिलअखेरचं हवामान लहरी. पहाटे पाच अंश, दुपारी चौदा-पंधरा, मध्येच पावसाची सर, आणि वारा कायमचा. छत्री आणू नका, वाऱ्याने ती उलटी होते. टोपीवालं पातळ रेनकोट-जॅकेट, आत स्वेटर आणि चालून सवय झालेले बूट. नारिंगी काहीतरी अंगावर हवंच, पण त्यासाठी पैसे घालवू नका. केशरी ओढणी, उपरणं, घरातला फेटा काहीही चालतं. केशरी फेटा बांधलेल्या माणसाला तर फोटोसाठी इतके लोक थांबवतात की त्याचं चालणंच होत नाही.

बाकी पाण्याची बाटली (नळाचं पाणी सगळीकडे पिण्याजोगं असतं), थोडा खाऊ, पॉवर बँक, आणि घडी करून ठेवता येईल अशी रिकामी पिशवी. लहान मुलांच्या मनगटावर तुमचा फोन नंबर पेनाने लिहून टाका. पासपोर्टचा फोटो फोनमध्ये असू द्या. पाकीट पुढच्या खिशात. खिसेकापूंचाही तो सणच असतो.

जायचं कसं

गाडीने जाण्याचा विचारही करू नका. जुन्या शहरात त्या दिवशी ट्राम आणि बस धावत नाहीत, टॅक्सीही आत पोचत नाही. चालू असते ती मेट्रो आणि आगगाडी. आगगाड्यांचं वेळापत्रक त्या दिवसापुरतं वेगळं असतं, त्यामुळे डच रेल्वेचं, म्हणजे ‘एनएस’चं, अ‍ॅप आदल्या रात्री आणि सकाळी पुन्हा उघडून बघा. गर्दी वाढली की एखादं मेट्रो स्थानक काही वेळ बंद ठेवतात.

तिकिटासाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही. तुमचं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चढताना मशीनला टेकवायचं, उतरताना पुन्हा टेकवायचं. मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा. माणशी एक कार्ड लागतं. एका कार्डावर नवरा-बायको दोघं जाऊ शकत नाहीत. उतरताना टेकवायला विसरलात तर भुर्दंड पडतो. आणि आगगाडीतून उतरून मेट्रो पकडताना आधी रेल्वेच्या मशीनवर बाहेर पडा, मग मेट्रोच्या मशीनवर आत शिरा. भारतातून निघायच्या आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये परदेशातला आणि कॉन्टॅक्टलेस वापर चालू केलाय ना, हे तपासून घ्या. ते बंद असेल तर स्थानकाच्या फाटकाशीच अडकाल.

सणाचा दिवस: उत्तरेकडून दक्षिणेकडे

सकाळी आठच्या आत सेंट्रल स्टेशनवर उतरा. बाजार सहालाच उघडलेला असतो. त्याहून आधी, रात्रीपासूनच, लोकांनी फुटपाथवर खडूने चौकोन आखून, चिकटपट्टी लावून, आत ‘बेझेट’ असं लिहून जागा धरलेल्या असतात. एरवी रस्त्यावर काही विकायला परवाना लागतो. या एका दिवशी नाही, म्हणून याला ‘फ्रायमार्क्ट’, मुक्त बाजार म्हणतात.

स्टेशनहून पश्चिमेला पंधरा-वीस मिनिटं चाललं की योर्दान. कधीकाळी कामगारांची दाटीवाटीची वस्ती, आता महागडी. पण गल्ल्या त्याच, आणि सकाळच्या वेळी फिरायला याहून चांगली जागा नाही. नोर्डरमार्क्ट चौकापासून सुरू करून वेस्टरकेर्क चर्चच्या मनोऱ्याकडे वळतवळत जा. हा मनोरा ८५ मीटर उंच आहे, त्यामुळे रस्ता चुकलात तरी मान वर केली की दिशा कळते.

भाव करायला लाजू नका. मोठ्या माणसाने दहा युरो सांगितले तर सहा म्हणा, सातवर तुटेल. हसत करायचं, एवढाच नियम. मुलांशी मात्र घासाघीस करू नये. ते पैसे त्यांच्या खाऊचे किंवा खेळण्याचे असतात आणि एक युरो वाचवून आपलंही काही भलं होत नाही. घेण्यासारखं काय? लाकडी कोडी, बोर्ड गेम, जुने केकचे पत्र्याचे डबे, कॉफी दळायची हाताची चक्की, तबकड्या. निळी-पांढरी डेल्फ्ट टाइल दिसली की हरखून जाऊ नका. बहुतेक कारखान्यातला अलीकडचा माल असतो. दिसायला सुंदर आहे म्हणून घ्या, जुनी आहे म्हणून नको. बर्फावर घसरायचे बूट फार स्वस्तात मिळतात आणि दर वर्षी कुणीतरी ते पुण्याला नेतं. का, ते विचारू नये.

दहा-साडेदहाला पोटपूजा. त्या दिवसाचा खास पदार्थ ‘टोम्पूस’: दोन कुरकुरीत पापुद्र्यांमध्ये घट्ट कस्टर्ड आणि वर साखरेचा थर. हा थर एरवी गुलाबी असतो, या दिवशी नारिंगी. तो नीट खायची युक्ती कुणालाच साधलेली नाही. चावा घेतला की कस्टर्ड बाजूने बाहेर येतं. कागदी रुमाल हाताशी ठेवा.

शाकाहारींनी जरा सावध. ‘बिटरबॉलन’ म्हणजे मांसाचे तळलेले गोळे. ते बटाटेवड्यासारखे दिसतात म्हणून उचलू नका. ‘कासूफ्ले’ चालेल, आत वितळलेलं चीज असतं. मात्र काही डच चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात, हे कडक शाकाहारींनी ध्यानात ठेवावं. मेयोनेज घातलेले बटाट्याचे जाड काप सगळीकडे मिळतात. अंडं चालत नसेल तर मेयोनेज नको म्हणून सांगा. आणि सुरीनामी माणसाचं दुकान दिसलं तर थांबाच. १८७३ पासून भोजपुरी मुलुखातून मजूर म्हणून दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला नेलेल्या लोकांचे हे वंशज; १९७५ च्या स्वातंत्र्याच्या आसपास त्यांच्यातले बरेच जण नेदरलँड्सला आले. त्यांच्याकडे रोटी, बटाट्याची भाजी, आणि ‘बारा’ मिळतो, म्हणजे उडदाच्या डाळीचा मसालेदार वडा. काउंटरमागच्या आजींशी हिंदीत बोलून बघा. त्यांची हिंदुस्तानी आपल्या कानांना जुन्या काळातली वाटते, पण गप्पा होतात.

अकरा-बारानंतर कालव्याकडे. प्रिन्सेनग्राख्तच्या एखाद्या पुलावर जागा मिळवा आणि अर्धा तास उभे राहा. खालून बोटींची रांग सरकत असते, वाहतूक एकाच दिशेने, प्रत्येक बोटीवर वेगळी गाणी, काठावरचे लोक त्यांच्याकडे बघून हात हलवतायत. बोटीत जागा विकणाऱ्या जाहिराती ऑनलाइन दिसतील. माझा सल्ला विचाराल तर नको. एकदा बसलात की तासन् तास उतरता येत नाही, स्वच्छतागृह असेलच याची खात्री नाही, आणि त्याच त्या वीस माणसांच्या पाठी बघाव्या लागतात. पुलावरून फुकटात जास्त दिसतं.

दारूचा नियम सांगून ठेवतो: रस्त्यावर माणशी एकच पेय हातात चालतं, क्रेट घेऊन फिरता येत नाही. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. रिकामा कॅन किंवा प्लास्टिकची छोटी बाटली कचऱ्यात टाकू नका; तिच्यावर पंधरा सेंट अनामत असते. ती गोळा करून पोट भरणारे लोक फिरत असतात, त्यांच्या हातात द्या. अनेक कचरापेट्यांना अशा बाटल्या ठेवायला बाहेरून गोल कडं बसवलेलं असतं.

दुपारी एकच्या सुमारास जुन्या शहराची हालत विसर्जनाच्या रात्रीच्या लक्ष्मी रस्त्यासारखी होते. पाय उचलला तर ठेवायला जागा नाही. ही वेळ दक्षिणेकडे सटकायची. लाइडसेप्लाइन ओलांडून व्हॉन्डेलपार्कमध्ये शिरा.

व्हॉन्डेलपार्क: इथे वेळ काढा

मुलं बरोबर असोत-नसोत, हे बघितल्याशिवाय परत फिरू नका. पार्कातली विक्री त्या दिवशी फक्त मुलांसाठी राखलेली असते. मोठे मागे घडीच्या खुर्चीत बसून कॉफी पितात आणि हिशेबात चूक झाली तरी बोलत नाहीत.

खेळणी विकणारी तर असंख्य असतात, पण खरी गंमत कलाकारांची. नऊ-दहा वर्षांची पोरगी व्हायोलिन वाजवतेय, समोर उलटी ठेवलेली टोपी, आणि पुठ्ठ्यावर तिच्याच अक्षरात दर: एक गाणं पन्नास सेंट. सूर दोन-तीन ठिकाणी कच्चे लागतात. पैसे टाकले की ती गज खाली ठेवून नाणं आधी मोजून घेते, मग वाजवते. पलीकडे कुणी घरचा केक विकतंय, कुणी बापाला खुर्चीत बसवून त्याच्या तोंडावर ओला स्पंज मारायचे पैसे घेतंय. बाप निमूट भिजतोय.

खेळात भाग घ्या. दोरीला मसालेदार केकचे तुकडे टांगलेले असतात. हात पाठीमागे बांधून ते तोंडाने पकडायचे. दुसरा खेळ त्याहून भारी: कमरेला दोरी बांधून पाठीमागे खिळा लोंबकळत सोडायचा आणि खाली वाकत वाकत तो जमिनीवर ठेवलेल्या बाटलीच्या तोंडात घालायचा. आपल्या एखाद्या मावशी साडी सावरत हा खेळ खेळायला उतरल्या की भोवती गोळा झालेल्या डच आया टाळ्या पिटतात.

स्वच्छतागृह: हा विषय टाळून चालणार नाही

शहरात पुरुषांसाठी तात्पुरत्या मुताऱ्या उभारतात, बायकांची मात्र पंचाईत होते. उघड्यावर बसल्यास-उभं राहिल्यास शंभर युरोच्या वर दंड आहे आणि तो खरोखर करतात. उपाय म्हणजे दिसेल तिथे जाऊन घ्या, ‘आत्ता नाही, नंतर’ म्हणू नका. कॅफेत काही घेतलं की तिथलं वापरता येतं. अनेक घरांच्या दारावर हाताने लिहिलेली पाटी असते: टॉयलेट, एक किंवा दोन युरो. लाजू नका. घरमालकीण स्वतः दारात उभी असते आणि ते घर आतून बघायला मिळतं तो नफा वेगळा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर दर दीड तासाने एक थांबा धरूनच बेत आखा.

परतीचा रस्ता

आता सगळ्यात कामाची गोष्ट. परत जाताना सेंट्रल स्टेशनकडे वळू नका. दुपारी तीननंतर तिकडे जाणारा आणि तिकडून येणारा असे दोन लोंढे एकमेकांना भिडतात. त्याऐवजी व्हॉन्डेलपार्कच्या दक्षिणेकडच्या फाटकातून बाहेर पडून अपोलोलान या रुंद रस्त्यावर या. सधन वस्ती आहे, तिथेही बाजार भरतो; माल बरा असतो आणि चालायला जागा मिळते. तिथून बेटहोफनस्ट्राटने सरळ खाली गेलं की ‘अ‍ॅमस्टरडॅम झाउड’ स्टेशन. आगगाडी आणि मेट्रो दोन्ही तिथून सुटतात. सकाळपासूनचं एकूण चालणं सहा-सात किलोमीटर होतं, पण वाटेत बाकं भरपूर आहेत.

चारनंतर बाजार आवरायला लागतो. उरलेला माल घरी न्यायची कुणाचीच इच्छा नसते, त्यामुळे भाव कोसळतात आणि शेवटी वस्तू फुटपाथवरच सोडून लोक निघून जातात. फुकट मिळतंय म्हणून टेबल लॅम्प उचलण्याआधी विमानातलं २३ किलोंचं सामान आठवा.

फोनचं नेटवर्क दुपारी मान टाकतं. कुठे चुकामूक झाली तर भेटायची जागा आणि वेळ सकाळीच ठरवा. ‘डाम चौकात भेटू’ असं ठरवू नका, त्या दिवशी तिथे कोणी कोणाला सापडत नाही. अमुक चर्चच्या दारात, इतकी नेमकी जागा हवी. आणीबाणीला ११२.

पुढचे दिवस

२८ ला क्युकेनहॉफ ठेवा. ३२ हेक्टरांची बाग, दर वर्षी सुमारे सत्तर लाख कंद लावतात, आणि ती फक्त मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी असते. स्किपोल विमानतळावरून थेट बस आहे. बस आणि प्रवेश यांचं एकत्र तिकीट वेळ ठरवून ऑनलाइन घ्यावं लागतं. सकाळची पहिली वेळ किंवा दुपारी चारनंतरची घ्या, मधल्या वेळात फुलांपेक्षा सेल्फी काठ्याच जास्त दिसतात.

मुक्काम ४ मेपर्यंत असेल तर त्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता दुसऱ्या महायुद्धातल्या आणि त्यानंतरच्या युद्धांतल्या मृतांसाठी दोन मिनिटं सगळा देश थांबतो. तुम्ही दुकानात, रस्त्यावर, कुठेही असाल तिथेच थांबा, फोन खिशात ठेवा. ५ मे हा मुक्तिदिन. त्या दिवशी पुन्हा गाणीबजावणी.

ट्यूलिपचे कंद भारतात न्यायचा मोह होईल, विमानतळावर जाळीच्या पिशव्यांत टांगलेले असतात. वनस्पती आणायच्या तर आपल्याकडे क्वारंटाइनचे नियम आहेत, कागदपत्रं लागतात, आणि सगळं करून कंद पुण्यात पोचला तरी त्याला फुलायला आधी कित्येक आठवडे थंडी लागते. त्याऐवजी पाकीटबंद स्ट्रोपवाफल, म्हणजे पाक भरलेली चपटी बिस्किटं, घ्या. कॉफीच्या गरम कपावर दोन मिनिटं झाकण म्हणून ठेवायची, आतला पाक मऊ झाला की खायची.